टिकलीचे झिंगे

दोन फुटी काचेची टाकी दुसऱ्या मजल्यावर चढवताना पहिल्याच वळणावर मूछुआनच्या कमरेने हात टेकले. काओशुंगच्या बंदरावर त्याने चाळीस वर्षं क्रेन चालवली होती. बसल्या जागेवरून जहाजंच्या जहाजं रिकामी करणारा हा माणूस स्वतःच्या हातांनी काही उचलायची वेळ आली की मात्र घामाघूम व्हायचा. टाकी पायरीवर टेकवून तो श्वास घेत उभा राहिला, तशी वरून बायकोची हाक आली.

"म्हाताऱ्या, टाकी आणतोयस की स्वतःची शवपेटी?"

"सातवा महिना चालू आहे, भुतं मोकळी सुटतात तो, सूमेइ. असलं बोलू नये."

"का? भुतं ऐकतील?"

"ऐकतात."

"मग त्यांना म्हणावं, नुसतं ऐकत बसू नका, एका बाजूने धरा!"

सूमेइची जीभ ही अशी. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली तरी तिच्या बोलण्यावर उत्तर सुचेपर्यंत मूछुआनला संध्याकाळ व्हायची, आणि तोवर ती पुढचं चार वेळा बोलून मोकळी झालेली असायची. पण जीभ काहीच नाही, खरी धार तिच्या नजरेला होती. बंदराजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात तिने अठ्ठावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. भिंगाखालून तांदळाच्या दाण्याएवढे सुटे भाग सरकत जायचे आणि सूमेइ एकेकाकडे बघून म्हणायची, पास, पास, बाद, पास. तिने पास केलेला माल कधी परत आला नाही. हे ती स्वतः सांगायची नाही. तिच्याबरोबरच्या बायका सांगायच्या, आणि सांगताना अजूनही त्यांचा आवाज जरा खाली यायचा.

निवृत्त झाल्यावर त्या नजरेला काहीतरी खाद्य हवं होतं. दोन वर्षं तिने मूछुआनवर भागवली. त्याने घासलेली भांडी बाद, निवडलेली भाजी बाद, भांग पाडला तर तोही बाद. मग कोणीतरी तिला दहा झिंगे दिले आणि मूछुआन सुटला.

हे खायचे झिंगे नव्हेत. गोड्या पाण्यातले, नखाएवढे, शोभेचे. पांढऱ्या अंगावर लाल पट्टे असलेले. सूमेइने त्यांच्यात एकच ध्यास घेतला: अंग दुधासारखं पांढरं हवं, पायसुद्धा पांढरे हवेत आणि पाठीवर मधोमध एकच लाल टिकली हवी, गोल. चपटी नको, ओघळलेली नको. प्रत्येक पिढीतले तीन-चार ठेवायचे आणि बाकीचे वूच्या शोभेच्या माशांच्या दुकानात नेऊन द्यायचे. वू पैसे पुढे करायचा, पण ती हात लावायची नाही. "बाद मालाचे कसले पैसे?" म्हणायची. असं नऊ वर्षं चाललं. शेवटच्या दोन पिढ्यांत आईची टिकली गोल तर पोरांचीही गोल यायला लागली. अजून एक पिढी अशी आली की वाण पक्कं झालं म्हणायचं, एवढंच उरलं होतं.

नेमक्या त्याच वेळी दोन गोष्टी संपत आल्या. एक, जुन्या टाकीतली माती. ही भाजलेल्या मातीची बारीक खडी असते, तिच्या जोरावर पाणी झिंग्यांना मानवेल असं मऊ राहतं. तिचा जोर दीड-दोन वर्षांत सरतो. सरला, आणि सत्तर झिंग्यांचे सव्वीस झाले. दुसरी गोष्ट म्हणजे सूमेइचा उजवा डोळा.

डावा कधीच गेला होता. त्याने तिला फक्त उजेड कळायचा. आता उजव्याच्या पडद्याला मधोमध भोक पडलं होतं. "सरळ बघितलं की तुझं तोंड दिसत नाही, नुसते कान दिसतात," ती मूछुआनला म्हणाली. "तसं बरंच आहे म्हणा." डॉक्टर तिशीतला, नम्र. म्हणाला, याच आठवड्यात ऑपरेशन करून घ्या. पण तो आठवडा सातव्या महिन्याचा पहिला होता, आणि मूछुआनचा थोरला भाऊ सातव्या महिन्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेला तो घरी आलाच नव्हता.

"महिनाभराने केलं तर काय होतंय?" मूछुआनने विचारलं.

डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाला, "होतं, काका. पण निर्णय तुमचा."

भुताखेतांना आयुष्यात कधी भीक न घालणारी सूमेइ त्या दिवशी वाद न घालता उठली. स्कूटरवर मागे बसल्यावर म्हणाली, "चल, तोवर नवीन टाकी लावून घेऊ. तिलाही पिकायला, पाणी मुरायला चाळीस दिवस लागतातच." तिने नवऱ्याचं मन राखलं, की ऑपरेशनची तिलाच भीती वाटत होती, हे मूछुआनला कळलं नाही. त्याला एवढंच कळलं की आपण जिंकलो. एक्केचाळीस वर्षांत जिंकलेला तो पहिला वाद होता.

तर टाकी वर आली. सूमेइ स्टुलावर बसली आणि मूछुआन गुडघ्यांवर. तिने सांगायचं आणि त्याने करायचं, करून झालं की तिने ते बाद करायचं. मातीची खडी मागे उंच, पुढे उतरती पसरायची. काळे दगड असे ठेवायचे की खाली पिल्लांना लपायला फटी राहतील. नेच्याच्या मुळ्या लाकडाच्या खाचेत खोचायच्या, मातीत पुरायच्या नाहीत. शेवाळ मात्र तिने त्याला हातात धरू दिलं नाही. चिमूट चिमूट शेवाळ दगडावर पसरून ती दोऱ्याने गुंडाळायची, आणि हे करताना डोळे मिटून घ्यायची. "बोटांना जास्त दिसतं," म्हणायची.

पाण्याचं काम मूछुआनचं. तिथल्या नळाच्या पाण्याने किटलीला आतून पांढरा थर चढतो, ते झिंग्यांना चालत नाही. कोपऱ्यावरच्या नाणं टाकून पाणी भरायच्या यंत्रावरून त्याने आठ कॅन भरून आणले. माती ढवळू नये म्हणून आत बशी ठेवून तिच्यावर बारीक धारेने पाणी सोडलं. दुसऱ्या आठवड्यात झाडांची जुनी पानं गळून सडली, काचेवर तपकिरी लेप आला. मूछुआन घाबरला.

"सगळं मेलं की गं!"

"घर बसायला वेळ लागतो. आपलं बसायला किती लागला आठवतंय ना? तुझी आई होती तोवर पाणी गढूळच होतं."

विसाव्या दिवशी शेवाळाला नवी पोपटी टोकं फुटली आणि प्रत्येक टोकावर हवेचा बुडबुडा बसला. सूमेइ काचेला गाल लावून, मान तिरपी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून ते बघत राहायची. मूछुआनने विचारलं, सव्वीसच्या सव्वीस आत्ताच हलवून टाकू का? ती म्हणाली, "सरसकट नाही हलवायचे. नव्या टाकीत फक्त निवडक जातील, आणि निवडणार मी. एकदा डोळा नीट होऊ दे." तिला आता एवढंच हवं होतं, त्या पिढीची निवड स्वतःच्या डोळ्याने करणं. याहून मोठं काही तिने देवाकडे कधी मागितलं नव्हतं, आणि हेही देवाकडे मागितलं नव्हतं, डॉक्टरकडे मागितलं होतं.

महिना संपता संपता गल्लीतल्या खोंग आजोबांना डेंगी झाला. लगेच वस्तीप्रमुख होंगबाई भोंगा घेऊन फिरल्या. उद्या घराघरांत औषध मारणार, दारं उघडी ठेवा. मूछुआनने त्यांना गाठलं.

"प्रमुखबाई, आमची वरची खोली तेवढी सोडायला सांगा ना. झिंगे आहेत. त्या औषधाचा थेंब पडला तरी संपले."

"काका, डासाला ठाऊक आहे का वर झिंगे आहेत म्हणून? दार लावून घेतलंत तर ते कुलूपवाला आणून उघडतात. काकूंना सांगा, त्या करतील काहीतरी."

काकूंनी केलं. जुनी टाकी, नवी टाकी, दोन्हींना प्लास्टिकचा कागद तीन पदरी गुंडाळला, हवेचा पंप बंद केला, वर ओली चादर घातली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं येऊन खोल्यांतून, गटारांतून, भूमिदेवाच्या देवळाच्या अंगणातून, तिथल्या झाडावरसुद्धा धूर सोडून गेली. दुपारी खिडक्या उघडून, फरशी तीनदा पुसून मूछुआनने चादर काढली. सव्वीसच्या सव्वीस जिवंत. त्याला इतका आनंद झाला की आता आपल्याला यातलं सगळं कळतं असं त्याला वाटायला लागलं. त्याचं सगळं आयुष्य सूमेइच्या हुकमाखाली बरं चाललं होतं ते याचमुळे, की त्याला असं क्वचितच वाटायचं.

आठवा महिना लागल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला होता. तो पडद्याला टेकून राहावा म्हणून आठवडाभर पालथं पडून राहायचं, मान वर करायची नाही, जिना चढायचा नाही. मूछुआनने ओळखीच्या मालिशवाल्याकडून तोंडाच्या जागी भोक असलेला पलंग आणून खालच्या खोलीत टाकला. सूमेइ त्या भोकातून फरशीला शिव्या घालायची. जखम भरायला तो तिला आलं घातलेलं माशाचं सार करून द्यायचा, आणि जमिनीवर उताणा पडून तिच्या तोंडाखाली नळी धरायचा.

"खारट झालंय."

"सगळं पी."

"फरशी पण नीट पुसलेली नाहीये. इथून दिसतंय मला."

हे ऐकून त्याला बरं वाटलं. फरशी खरंच पुसलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बदामाचं पान टाक वरती. जुनं नुसतं शिरांचं राहिलं असेल."

बदामाचं वाळकं पान झिंगे कुरतडतात, त्याच्या रसाने पाणीही निरोगी राहतं. सूमेइ ही पानं लिनब्येनला तिच्या माहेरच्या अंगणातल्या झाडाची आणायची, एकेक पुसून वाळवायची आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. मूछुआनने डबा उघडला तर रिकामा. शेवटची दोन पानं तिने नव्या टाकीत टाकली होती. तिला सांगितलं असतं तर ती त्याला लिनब्येनला पिटाळणार. जायला-यायला अर्धा दिवस, तोवर हिला पाणी कोण देणार? आणि पान ते पान. देवळासमोरच्या बदामाखाली पिकलेल्या पानांचा सडा पडला होता. त्याने त्यातलं मोठं, लालभडक, एकही भोक नसलेलं पान निवडलं. धुतलं, आणि सूमेइ करायची तसंच उकळत्या पाण्यात बुडवून काढलं. मग टाकीत सोडलं. झिंगे लगेच पानावर येऊन बसले, तेव्हा त्याला आपल्या निवडीचा अभिमान वाटला.

तासाभराने तो वर गेला तेव्हा दोन झिंगे गोल गोल फिरत होते. त्याला वाटलं, खेळतात. मग एक पाठीवर पडला आणि पाय झाडत राहिला. मूछुआनला तेव्हा पांढऱ्या कपड्यांतली माणसं आठवली, देवळाच्या अंगणात नळी वर करून झाडावर धूर सोडणारी. त्याने पान ओढून काढलं, कॅनमधलं सगळं पाणी ओतलं, जुनं उपसलं, पुन्हा ओतलं. संध्याकाळ व्हायच्या आत सव्वीसच्या सव्वीस मेले. त्यातल्या दोन माद्यांच्या पोटाखाली अंडी होती.

तो जिन्यावर बसला. खालून आवाज आला, "पान टाकलंस का रे?"

"टाकलं."

"खातायत?"

"खातायत," मूछुआन म्हणाला.

दुसरं काय सांगणार? ती ताडकन उठून जिना चढली असती. बुडबुडा सरकला असता आणि डोळाही गेला असता. आठवडा होईपर्यंत गप्प बसायचं आणि मग सांगायचं, असं त्याने ठरवलं. गच्चीवरच्या मिरचीच्या कुंडीत त्याने ते सव्वीस जीव पुरले. आठवडा झाला, सूमेइ पलंगावरून उठून बसली, म्हणाली, "नऊ वर्षांनी पहिल्यांदाच इतके दिवस बघितलं नाहीये मी त्यांना." आणि मूछुआन मालिशवाल्याचा पलंग परत करायला निघून गेला. डॉक्टरने अजून महिनाभर जिना नको म्हणून सांगितलं होतं. त्याने ती सवलत घेतली. भेकड माणसाला सवलत मिळाली की तो ती घेतोच.

चार दिवसांनी तो वूच्या दुकानात उभा होता. वू पोट सांभाळत स्टुलावरून उठला.

"काका! काकूंचा डोळा कसाय?"

"बराय. वू, तिने तुला दिलेले बाद झिंगे... त्यांची पिल्लावळ आहे ना अजून?"

"आहे की. त्या कोपऱ्यातल्या टाकीत. सगळी खिचडी झालीय, कोणी कोणाशी संसार केला देव जाणे. काकूंनी बघितली तर माझ्या डोक्यावर बादली पालथी करतील."

मूछुआन काचेपाशी वाकला. कोणाची टिकली शेपटीपर्यंत ओघळलेली, कोणाच्या पाठीवर दोन पट्टे, कोणाचे पाय काचेसारखे पारदर्शक. नऊ वर्षांत सूमेइने बाहेर काढलेला एकेक दोष तिथे मजेत पोहत होता. त्याने त्यातल्या त्यात बरे तेवीस निवडले.

मग त्याने अजून तीन मागितले, मुद्दाम, अगदी टाकाऊ. एकाच्या पाठीवर धडधडीत दोन पट्टे होते, एकाचा लाल रंग तोंडापासून शेपटीपर्यंत फासलेला होता आणि एकाच्या अंगावर पांढरा रंग औषधालाही नव्हता. वूला वाटलं काकांचं वय झालं. पण मूछुआनचा हिशेब सरळ होता. सूमेइ भिंग लावून बसेल, पहिल्याच झिंग्यावर किंचाळेल, चप्पल फेकून मारेल, आठ दिवस बोलणार नाही. आणि त्याअर्थी तिला दिसत असेल. वाण गेलं ते गेलं. पण आपण पकडले गेलो तर डोळा वाचला, आणि डोळा असला तर सूमेइ पुन्हा दहा झिंगे घेऊन बसेल. त्या महिन्यात त्याने देवळात जाऊन उदबत्ती लावली ती याच मागणीसाठी, की तिने मला पकडावं.

जुन्या टाकीचं पाणी बिघडलं म्हणून सगळे थर्माकोलच्या खोक्यात हलवले, असं त्याने तिला सांगितलं. अंडी मात्र गळाली, असंही सांगितलं. ती म्हणाली, "माती संपली होतीच. तू वेळेवर हलवलेस." तिने आयुष्यात त्याचं असं कौतुक कधी केलं नव्हतं, आणि त्याला ते ऐकवेना.

महिनाभर ती तपासणीला जात राहिली. आत एकटीच जायची, मूछुआन बाहेर हेल्मेट मांडीवर घेऊन बसायचा.

"काय म्हणाला?"

"सुधारतंय म्हणाला. हळूहळू."

पुढच्या वेळी विचारलं तर म्हणाली, "तेच. हळूहळू." घरात तिने त्याच्यात खोड काढणं कमी केलं होतं. रताळ्याचा पाला त्याने देठासकट शिजवला तरी ती खाऊन घ्यायची. मूछुआनने मनाची समजूत घातली, की आजारपणाने माणूस मऊ होतो.

नवव्या महिन्यात एका सकाळी ती कठड्याला धरून वर गेली. नव्या टाकीला चाळिसाचे साठ दिवस झाले होते. शेवाळाने दगड झाकून टाकले होते, नेच्याला नवी पानं आली होती, पाणी इतकं नितळ की आहे की नाही कळू नये. झिंग्यांसाठी याहून चांगलं घर त्या दोघांनी कधी लावलं नव्हतं.

"छान हिरवं झालंय," सूमेइ म्हणाली. मग खिडकीशी टेबलाला बसली. ओला टॉवेल पसरला. डावीकडे बाद मालाचा वाडगा. हातात कारखान्यातून निरोपाला मिळालेलं भिंग. मूछुआनने जाळीने एक झिंगा उचलून चिनी मातीच्या साराच्या चमच्यात पाण्यासकट सोडला आणि चमचा तिच्या हातात दिला.

तिने भिंग धरलं. मान तिरपी केली, सरळ केली, पुन्हा तिरपी केली.

"पास."

असेल. पहिला त्यातल्या त्यात बराच होता. मूछुआनने तो नव्या टाकीत सोडला. दुसराही पास. तिसऱ्यावर ती थबकली, भिंग जवळ नेलं, नाक मुरडलं.

"बाद."

मूछुआनला ओरडावंसं वाटलं. दिसतंय! हिला दिसतंय! त्याने घाईने चमचा घेतला आणि आत बघितलं. सव्विसांत एकट्या त्याचीच टिकली गोल होती. पायसुद्धा पांढरे होते. वूच्या खिचडीत चुकून आलेला, सूमेइच्या झिंग्यांसारखा तेवढा एकच.

त्याने तो वाडग्यात सोडला. मग दोन पट्ट्यांचा झिंगा उचलला आणि पुढे केला.

"पास," सूमेइ म्हणाली. "काय रुबाब आहे बघ हिचा."

"नीट बघ ना जरा."

"तू मला शिकवू नकोस. अठ्ठावीस वर्षं हेच केलंय."

पास, पास, बाद. पास, पास, पास, बाद. लाल फासलेला पास झाला. आणि मूछुआनला कारखान्यातली तिनेच सांगितलेली गोष्ट आठवली. नव्या पोरी डोळ्यांवर झोप आली की सगळा माल पास करत सुटायच्या आणि तासाभरात पकडल्या जायच्या. मुरलेल्या बायका न बघताच तिसरा-चौथा बाद करायच्या, मग कोणाला संशय यायचा नाही. सूमेइला अशा बायकांचा मनापासून राग होता.

म्हणजे डॉक्टर कधीच सुधारतंय म्हणाला नव्हता. त्या पहिल्या आठवड्यात केलं असतं तर म्हणाला असता कदाचित. तो एक महिना मूछुआनने मागून घेतला होता, आयुष्यात जिंकलेल्या एकमेव वादात.

त्याला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. पण आता एक खरं सांगून भागणार नव्हतं. हे तुझे झिंगे नाहीत म्हटलं की तुला दिसत नाही हे मला कळलंय, हेही त्याच वाक्यात आलं. ती इथे ताठ बसून, मान तिरपी करकरून, त्याच्यासमोर जे टिकवत होती ते त्याने कशाला मोडायचं, आणि मोडून तिला काय द्यायचं? त्याला रडू येत होतं, आणि आता ते लपवायची गरज नव्हती. ती समोरच बसली होती. त्याने गालांवरून पाणी वाहू दिलं आणि आवाज तेवढा सांभाळला.

"किती झाले?" तिने विचारलं.

"तेरा पास."

"दे."

त्याने पुढचा झिंगा चमच्यात सोडला. चमचा तिच्या हातात जाता जाता झिंग्याने शेपटी आपटली आणि उडी मारून तो टॉवेलवर पडला. तिथे तो तडफडायला लागला. सूमेइच्या हातातल्या चमच्यात नुसतं पाणी उरलं.

तिने भिंग धरलं. मान तिरपी केली. बराच वेळ बघितलं, इतर कोणत्याही झिंग्यापेक्षा जास्त वेळ. तिचा चेहरा हळूहळू उजळला.

"पास," ती म्हणाली. "म्हाताऱ्या, ही टिकली बघ. नऊ वर्षांत इतकी गोल आली नव्हती."

मूछुआनने तिच्या हातातून चमचा घेतला आणि त्यातलं पाणी नव्या टाकीत ओतलं.

"चौदा," तो म्हणाला.

"पुढचा दे," सूमेइ म्हणाली.